गुरुवारच्या खोलीतलं एक वाक्य

गेले चौदा महिने मी नैराश्यावरच्या गोळ्या घेते आहे. त्यातले सात महिने आमच्या कॉलेजच्या आधारगटात बसले. तो गट मोडायला कारण झाले तीही मीच. या लिखाणात मागणी कुठलीच नाही. मागणी नसलेला मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, त्यामुळे हात अडखळतो. ज्यांना आज-उद्या अशा गटात जाऊन बसायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, पण हे वाचून जा.

घड्या

आमचं घर जांबे गावात आहे. पप्पा हिंजवडीतल्या एका मोठ्या सोसायटीत वायरमन आहेत. आई भाडेकरू पोरांना डबे करून देते. पप्पांचा खरा उद्योग मात्र पत्रकांचा. वस्तीच्या पाण्यासाठी, स्मशानाच्या रस्त्यासाठी, सफाई कामगार बायकांच्या सुट्टीसाठी त्यांनी किती पत्रकं काढली असतील याला हिशोब नाही. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून. माझं काम घड्या घालायचं: आधी उभी, मग आडवी, मग नखानं दाबायची. गठ्ठा तयार झाला की पप्पा तो पिशवीत घालून सायकलवरून निघायचे. कुठे जायचे, कुणाला भेटायचे, ते मी कधी पाहिलं नाही.

पत्रक कसं लिहावं हे मात्र त्यांनी मला शिकवलं. पहिल्या ओळीत मागणी. मधे एक खरं उदाहरण. शेवटी काढणाऱ्याचं नाव, कारण नाव लपवणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. मधल्या भागाबद्दल ते फार कडक होते. "खरं उदाहरण नसंल तर ते भाषण झालं. भाषण कुणीबी करतंय."

सतराव्या वर्षापासून मीही पत्रकं लिहू लागले. कॉलेज लवळ्याला, टेकडीवरच्या मोठ्या विद्यापीठांच्या पायथ्याशी असलेलं छोटं, विनाअनुदानित. पहिल्याच वर्षी मी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल पत्रक काढलं आणि आठवड्यात कडी बसली. मला वाटलं, जग असंच चालतं. लिहिलं की कडी बसते.

वाचता येईना

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मला वाचता येईनासं झालं. अक्षरं दिसायची, शब्द लागायचे, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असायची. मग झोप गेली. मग भूक गेली. मग अंघोळ हे डोंगर चढण्याएवढं काम झालं. केसांचा असा गुंता झाला की आईनं एका दुपारी, भाजीची पातेली तशीच ठेवून, कात्री घेतली आणि मानेपर्यंत केस कापून टाकले. शेवटी जमिनीवरचे केस गोळा करताना म्हणाली, "बरं दिसतंय." तिला बरं दिसत नव्हतं.

पप्पांचं निदान तयार होतं: परीक्षा फी, नोकऱ्या नाहीत, पोरांवर दडपण. माझंही तेच होतं. आमच्या घरात दुःखाला नेहमी कुणीतरी जबाबदार असतो आणि त्याचं नाव पत्रकात छापता येतं. ज्याला कुणीच जबाबदार नाही असं दुःख म्हणजे आम्हाला फितुरी वाटायची. मी अंथरुणात पडून स्वतःला फितूर समजत होते.

सकाळ होऊ नये असं वाटू लागलं तेव्हा ते मी आईला सांगितलं. पीठ मळताना तिचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी तिनं डबे घेणाऱ्या सगळ्या पोरांना सुट्टी सांगितली. तिनं सुट्टी घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

मंगळवार

पुण्यातल्या सरकारी दवाखान्याची मानसोपचार ओपीडी. लाकडी बाक, डोकी टेकून टेकून भिंतीवर पडलेला तेलकट पट्टा, आणि केसपेपरवरचे नंबर पुकारणाऱ्या एक मावशी, ज्या सगळ्यांनाच "राजा" म्हणायच्या. साठीच्या माणसालाही राजा, मलाही राजा. तीन तास बसलो. पप्पांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाला दाखवायचंय? पप्पा म्हणाले, "मला."

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मी त्यांना उत्तराऐवजी भाषण दिलं. शिक्षणाचा धंदा, कंत्राटी भरती, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे. आणि तुला नैराश्याचा आजारही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं."

बाहेर आल्यावर पप्पांनी केसपेपर वरपासून खालपर्यंत वाचला. सवयीनं मागची बाजूही उलटून पाहिली. मागे काही छापलेलं नव्हतं.

गोळ्या आईनं डब्यांच्या कपाटात कुलपात ठेवल्या. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. रोज एक हातावर द्यायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तोंड कोरडं पडायचं, दुपारी डोळे मिटायचे. पाचव्या आठवड्यात मला एक परिच्छेद सलग वाचता आला. सोसायटीच्या लिफ्टबद्दलची नोटीस होती. पप्पांनी ती आणून माझ्यासमोर ठेवली होती आणि मी वाचताना दाराशी उभे होते.

स्ट्रायकर

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर समुपदेशनही सांगितलं होतं. कॉलेजमध्ये समुपदेशक होत्या. त्यांना इथे सुचेता मॅडम म्हणते. त्या कंत्राटावर होत्या आणि तीन कॉलेजं सांभाळायच्या. आमच्या वाट्याला गुरुवार दुपारचा दीड तास. जागा म्हणजे खेळाच्या साहित्याची खोली. फुटबॉलांचं जाळं, मोडका टेबल टेनिसचा टेबल, भिंतीला टेकवलेले कॅरम. आठ प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या.

मॅडम कॅरमचा स्ट्रायकर फिरवायच्या. ज्याच्या हातात स्ट्रायकर त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर नुसता हातात धरून बसायचं आणि पुढे द्यायचा. मी पहिले तीन गुरुवार नुसता धरून बसले. चौथ्या गुरुवारी हॉस्टेलमधला वऱ्हाडी मुलगा म्हणाला, "नेताबाई, थो स्ट्रायकर गरम झाला, आता सोडा." सगळे हसले. मीही हसले. कित्येक महिन्यांनी हसल्यामुळे गालाचे स्नायू दुखले. हे खरं आहे.

नियम एकच होता. खोलीतलं खोलीत. कॅन्टीनमध्ये किंवा रिक्षास्टँडवर भेटलो तरी समोरच्यानं ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही.

शीतल तिथेच भेटली. हे तिचं नाव नाही. पौडच्याही पलीकडून, दोन बस बदलून यायची. घरची शेती, मोठं कुटुंब, गावात मान. तिचे विचार एकाच जागी अडकायचे आणि तासन्‌तास सुटायचे नाहीत. घरच्यांनी आधी देवऋषी केला होता. मग तिच्या आईनं चोरून डॉक्टर केला. मला कॉलेजात पाठवतात ते मी नीट परत येते की नाही हे बघायलाच, असं ती म्हणायची. बी.ए. पूर्ण होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही असा शब्द तिनं वडिलांकडून घेतला होता. तिच्यासाठी कॉलेज, डॉक्टर आणि तो शब्द या तिन्ही गोष्टी एकाच खिळ्याला टांगलेल्या होत्या. कॉलेज गेलं की तिन्ही गेलं.

एकदा रिक्षास्टँडवर आम्ही दोघी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होतो. नियमाप्रमाणे ओळख नाही. एकच झाड, एकच सावली, आणि ती सगळी माझ्या बाजूला. बराच वेळ गेल्यावर ती समोर रस्त्याकडेच बघत म्हणाली, "वळख न्हाई तर न्हाई. पण सरक की जरा."

त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो. खोलीबाहेर आम्ही आजाराबद्दल बोललो नाही. बसच्या वेळा, तिची म्हैस, आईच्या डब्यातली आमटी एवढंच बोलायचो.

एका गुरुवारी तिनं स्ट्रायकर हातात घेऊन एक वाक्य सांगितलं. तिच्या घरातल्या जेवणाबद्दल होतं, ती जेवायला कशी बसते आणि का. ते वाक्य मी इथे देणार नाही. ते ऐकल्यावर वऱ्हाडी मुलगासुद्धा मान खाली घालून बसला.

पत्रक

सातव्या महिन्यात सूचना लागली. या सत्रापासून गुरुवारचा गट बंद, मॅडमचं कंत्राट संपलं, विद्यार्थ्यांनी मोबाइलवरच्या एका ॲपचा लाभ घ्यावा. शिवाय सभागृहात एक प्रेरणादायी व्याख्यान.

मी ती सूचना तीनदा वाचली. आत काहीतरी पेटलं. किती महिन्यांनी पेटलं होतं. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून दोन तासांत मी पत्रक लिहिलं. शब्द आपोआप येत होते, भूक लागली होती. त्या दोन तासांत मला बरं वाटत होतं. या सगळ्या लिखाणात हे कबूल करणं मला सर्वांत जड जातं आहे.

पहिली ओळ: आमचा गुरुवार परत द्या. शेवटी माझं नाव. मधे उदाहरण हवं होतं, खरं. माझं स्वतःचं होतं, पण ते मला पुरेसं वाटलं नाही. केस कापलेल्या मुलीपेक्षा ते जेवणाचं वाक्य वाचणाऱ्याला हलवून सोडेल, हे मला माहीत होतं, कारण मी हललेली होते. मी तिचं नाव घातलं नाही. 'दोन बस बदलून येणारी एक विद्यार्थिनी' असं लिहिलं आणि पुढे ते वाक्य. नाव नाही म्हणजे सगळं ठीक, अशी माझी समजूत. त्या बाजूनं दोन बस बदलून येणारी मुलगी आमच्या कॉलेजात एकच होती.

नोटीस बोर्ड, कॅन्टीन, रिक्षास्टँडचं झाड. सगळीकडे लावलं. उभी घडी, आडवी घडी, नखानं दाबून वाटलंसुद्धा.

शीतलचा चुलत भाऊ आमच्याच कॉलेजात, पहिल्या वर्षाला. त्यानं पत्रकाचा फोटो काढला आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात पत्रक होतं. त्या ओरडल्या नाहीत. "हे वाक्य तू कुठे ऐकलंस?" मी म्हटलं, इथेच. "मग ते झाडावर कसं गेलं?" मी मागणीबद्दल बोलू लागले, नाव दिलेलं नाही हे सांगू लागले. त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघत राहिल्या. "माझ्यासाठी लढायला तुला कुणी सांगितलं होतं?" असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हात

दोन दिवसांनी शीतलचे चुलते जांब्यात आमच्या घरी आले. मोटारसायकल दारात लावली, आत आले नाहीत. आईनं पाणी दिलं, ते हातात तसंच धरून उभे राहिले. पप्पा कामावरून नुकतेच आले होते, खांद्यावर टेस्टर-पक्कडची पिशवी.

चुलते म्हणाले, "पत्रकं काढायची तुमच्यात रीत हाय, आमाला म्हाईत हाय. रस्त्यावर काढा, पाण्यावर काढा. आमच्या ताटापर्यंत कशापायी आला?"

मी पुढे झाले. तोंडात उत्तर होतं. 'तुमच्यात' या शब्दाला तर मी चार ओळींचं उत्तर दिलं असतं. पप्पांनी मला मागे सारलं आणि हात जोडले. त्या घरातल्याच काय, तशा मानाच्या घरातल्या कुठल्याही माणसासमोर माझ्या वडिलांनी कधी हात जोडलेले नव्हते. तसे हात जोडावे लागू नयेत याचसाठी त्यांनी तीस वर्षं पत्रकं काढली होती. "चुकी झाली आमची," ते म्हणाले.

चुलत्यांनी पाण्याचा तांब्या न पिता उंबऱ्यावर ठेवला. पोरगी आता कॉलेजात येणार नाही, सांगून ते गेले.

पप्पा पायरीवर बसले. पिशवी अजून खांद्यावरच होती. मी वाट बघत होते की ते चिडतील.

"तिला वाचून दाखवलं व्हतंस का?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही.

"ज्याचं उदाहरण, त्याला आदी वाचून दाखवायचं. त्यो व्हय म्हणला तर छापायचं. न्हाई म्हणला तर फाडायचं. तवा मी सायकलवर कुटं जायचो, तुला काय वाटलं?"

मला वाटायचं, पत्रकं वाटायला जातात. मी घड्या घालणारी. पत्रकाची माझी सगळी शाळा घरातली, गठ्ठ्यावर बसून झालेली. पप्पा जाऊन कुणाच्या पडवीत बसतात, वाचून दाखवतात, आणि कधी कधी छापलेला गठ्ठा तसाच जाळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. कुणाचं दुःख न विचारता उचलतात का, असा प्रश्न त्यांना पडत नव्हता.

यश

पत्रकाचा उपयोग झाला. कॉलेजनं सूचना मागे घेतली. मॅडमना सत्र संपेपर्यंत मुदत मिळाली, गुरुवार परत आला. माझं आजवरचं सर्वांत यशस्वी पत्रक.

पहिल्या गुरुवारी आठ खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडम आणि मी, दोघीच. दुसऱ्या गुरुवारी तेच. वऱ्हाडी मुलगा कॅन्टीनमध्ये भेटला. मी नियम मोडून हाक मारली. तो थांबला, हसला नाही. म्हणाला, "तुह्यासमोर आता शिंकाले बी भेव वाटते." आणि चहा तसाच ठेवून गेला.

त्यानंतर मी पुन्हा अंथरुणाला लागले. यावेळी खोल. मंगळवारी डॉक्टरांनी गोळी वाढवली. बाकावर मावशींनी "परत आलास का राजा" म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसातली तेवढी एक गोष्ट मला आठवते. आई पुन्हा हातावर गोळी ठेवून समोर उभी राहू लागली. फक्त आता ती खाली मान घालून उभी राहायची. घरात कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

माफीची चिठ्ठी मी सात-आठ वेळा लिहिली. प्रत्येक चिठ्ठीला पहिल्या ओळीत मागणी होती: मला माफ कर. फाडून टाकली.

वाचून दाखवलं

चार महिन्यांनी मी हे लिहायला घेतलं. वर जे वाचलंत ते. पूर्ण झाल्यावर पप्पांना दिलं. त्यांनी हातात घेतलं नाही. "मला कशाला देतीयास?" म्हणाले. "जिचं हाय तिच्याकडं जा."

आई बरोबर आली. दोन बस बदलून गेलो. शीतलचे वडील आणि चुलते शेतावर होते. तिच्या आईनं आम्हाला दारात पाहिलं आणि माझ्या आईला म्हणाली, "आत या." मला काही म्हणाली नाही. शीतल पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. वजन वाढलेलं, डोळे जड. डॉक्टर बंद झाला होता. गावात नाव निघालं, आता आणखी दवाखाना कशाला, असं घरात ठरलं होतं. दोन स्थळं बघून गेली होती. वडिलांनी दिलेला शब्द कुणी काढला नव्हता.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि वाचलं. सगळं. ती तांदूळ निवडत राहिली. झाडाच्या सावलीचं आलं तेव्हा तिची बोटं थांबली, पुन्हा चालू झाली. संपल्यावर मी म्हटलं, नाही म्हणालीस तर इथेच फाडते.

आत आमच्या दोघींच्या आया हळू आवाजात बोलत होत्या. माझी आई मंगळवारच्या ओपीडीबद्दल, त्या बाकाबद्दल काहीतरी सांगत होती. दुसरा आवाज ऐकू येत नव्हता.

"जेवणाचं व्हतं, एवढं लिवलंयस, तेवढंच ऱ्हाऊ दे," शीतल म्हणाली. "म्होरं नगं."

मी मान डोलावली.

"तिकडं कोण येतं गुरुवारी?"

"कुणीच नाही. मी बसते."

"काय करतीस?"

"स्ट्रायकर धरून बसते."

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडी हसली की काय, मला नक्की सांगता येणार नाही. मी तिला महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दवाखान्यात असते म्हणून सांगितलं. यायला जमेल का, विचारलं. सुपातला एक खडा तिनं उचलला, अंगणात टाकला.

आम्ही निघालो तेव्हा तिनं मागून हाक मारली. मी वळले.

"छाप," ती म्हणाली. "पर शेवटाला मला बरी झालेली दावू नगंस."